वर ‘येतो’ म्हणायचं नाही

१२ मे, सातारा

तासगावहून सकाळची एसटी मिळाली, कराडला बदलली आणि जेवणाच्या आत साताऱ्यात पोहोचले. नाथाजीराव जीप घेऊन स्टँडवर आले होते. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत आणि आता दर जूनला माणसं हिमाचलात शिखरावर नेतात. माझी सॅक उचलून म्हणाले, यात दगड भरल्यात काय ताई. मी म्हटलं, बेदाणे. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करणारी बाई दुसरं काय आणणार.

खोली छान आहे. यवतेश्वरच्या पायथ्याला घर. वर मी, खाली तंबू, दोर आणि बुटांची खोली. नाथाजीरावांच्या पत्नी चंद्राबाई यांना आमचं जेवण माहीत आहे. कांदा-बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत ताट. म्हणाल्या, बटाटा न्हाई म्हंजे डोंगर चढनार कशाच्या जोरावर? बऱ्याच दिवसांनी हसले.

कशासाठी आले ते लिहून ठेवते. माझा धाकटा भाऊ गोमटेश गेल्या जूनमध्ये नाथाजीरावांच्याच तुकडीतून गेला आणि वरच्या तळावरून परत आला नाही. सापडलाही नाही. पलूसला आईने त्याची चप्पल अजून दारातून उचललेली नाही. यंदा मी त्या तळापर्यंत जाणार आहे. ती जागा एकदा बघायची आहे. एवढंच.

१५ मे

पाठीवर वजन घेऊन यवतेश्वर चढलो. साताऱ्यातली चार पोरं आणि मी. उतरल्यावर नाथाजीरावांनी भिंतीवर कागद लावून बेत समजावला. शेवटचं गाव, मग खालचा तळ, मधला, वरचा. दिवसा उंच जायचं, झोपायला खाली यायचं, म्हणजे रक्ताला विरळ हवेची सवय होते. कुणी कुणाच्या दोरात, कुठल्या तंबूत कोण, सगळं ठरलं. बेदाणे सगळ्यांच्या खिशात वाटून द्यायचे.

एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. वर गेल्यावर तंबूतून बाहेर पडताना कुणी ‘येतो’ म्हणायचं नाही. ‘जातो’ म्हणायचं. पोरं हसली. एक म्हणाला, काका, जातो म्हनलो तर आमची म्हातारी पायतान काढंल. नाथाजीराव हसले नाहीत. म्हणाले, तुजी म्हातारी घरात, हितं माजं ऐकायचं.

मला विचित्र वाटलं. लहानपणी चुकून ‘जाते’ म्हटलं की आई परत बोलवायची, पाटावर बसवायची, हातावर साखर ठेवायची आणि ‘येते’ म्हणायला लावून मग सोडायची.

१८ मे

आज नाथाजीरावांनी मला एकटीला बसवून त्या दिवसाचं सांगितलं. धुकं होतं. गोमटेश दोर बघायला तंबूबाहेर पडला आणि पडताना ‘येतो’ म्हणाला. त्यानंतर त्या मोसमात तिथे राहिलेल्या प्रत्येकाने दिवसाउजेडी तंबूभोवती बूट वाजताना ऐकलेत. बाहेर बघितलं तर कुणी नाही. नाथाजीराव म्हणाले, जातो म्हनला असता तर गेला असता, ताई. त्यो अजून येतोच हाय. ना गेला, ना आला.

त्यांनी स्वतः तिथे उभं राहून ‘जा’ म्हणून बघितलं, पण त्यांचं तो ऐकत नाही. घरचं माणूस पाहिजे, आणि थोरल्या बहिणीचा शब्द त्याने कधी मोडला नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मला न्यायचं. मी बरं म्हटलं. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, पण त्यांचे डोळे भरले होते.

मग त्यांनी तंबूत राहिलेली, खालच्या खोलीत आणून ठेवलेली गोमटेशची पिवळी सॅक दाखवली. मी ती पुसली. पट्ट्यावर त्याच्या तेलाचा वास होता. दिवस कलला तशी चंद्राबाईंनी जेवायला हाक मारली. मी उठले, सॅकवर हात ठेवला आणि सवयीने तोंडातून गेलं, येते रे.

कुणी ऐकलं नाही.

२१ मे

हिमाचलातल्या त्या शेवटच्या गावात नाथाजीरावांचा माणूस असतो, त्याचा फोन आला. वाट अजून उघडलेली नाही, यंदा वर कुणी गेलेलं नाही. तरी वरच्या उतारावरून बर्फात पावलं आली आहेत. फक्त उतरणारी. चढणारी नाहीत. नाथाजीराव म्हणाले अस्वल असंल, आणि चहा प्यायले.

माझा चहा तसाच राहिला. मी तासगावहून फोन करून ‘येते’ म्हटलं की गोमटेश पलूसच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन थांबायचा. पाऊस असो, कॉलेजची परीक्षा असो. एसटीच्या खिडकीतूनच दिसायचा. मला न्यायला.

आज प्रथमच ‘येते’ हा शब्द लिहिताना हात थांबला.

२३ मे

भर दुपार. डांबर मऊ झालंय इतकं ऊन. खालच्या खोलीत फरशी ओली. पिवळ्या सॅकच्या पट्ट्यावर पांढरा थर होता. बोट लावलं, बर्फ.

नाथाजीरावांना सगळं सांगितलं. ‘येते’ म्हटल्याचंही. ते जिन्याच्या पायरीवर बसलेच. नंतर उठून भिंतीवरचा बेताचा कागद काढला आणि घडी घातली. म्हणाले, आता वर जायाचं कारन ऱ्हायलं न्हाई. त्योच निघालाय.

मी पलूसला जाते म्हटलं. चंद्राबाईंनी हात धरला. म्हणाल्या, त्या घरची वाट त्याला पाठ हाय, आन् तितं तुमची आई हाय. ती त्याला ‘ये’च म्हननार. हितंच ऱ्हावा. दारात आला की ‘जा’ म्हना. एकच अक्षर हाय, ताई.

आरशासमोर म्हणून बघितलं. होत नाही. घरातून निघणाऱ्याला आम्ही ‘बरं, ये’ म्हणतो. चाळीस वर्षं जिभेला तेच वळण आहे.

२४ मे

नखं निळी झालीत. दोन शाली घेतल्या तरी दात वाजतात. बाहेर लोक रसवंतीवर उभे आहेत.

चार पावलं चालले की धाप. नाथाजीरावांनी माझा चेहरा बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाले, ही उंचीची धाप हाय. साताऱ्यात कशी —

सॅक खोलीत नाही. कुणी हलवली नाही.

आई फोनवर विचारत होती, कधी येतेस. मी काही न बोलता ठेवला. शब्द तोंडात होता, गिळला.

२५ मे

पोरांना नाथाजीरावांनी घरी पाठवलं. ते जिन्याच्या तोंडाशी बसलेत. सकाळपासून म्हणतायत, जा पोरा, जा माज्या वाघा. आवाज बसला त्यांचा.

दुपार

नाथाजीराव गप्प झाले.

चंद्राबाई मागच्या अंगणातून विचारतायत — ताई, म्हनलं का?

जिना वाजतोय. बूट जड आहेत. हळू. वजन घेऊन चढतो तसं, एक पाऊल, श्वास, एक —

दारापाशी थांबला. दाराखालून पाणी येतंय.

अक्का, चल.

आवाज तोच. फार दमलेला. एवढ्या लांबून चालत आलाय आणि मी त्याला दारातूनच —

म्हणायचं आहे. आईसाठी तरी. नाहीतर तो पलूसला. कागदावर येतंय. जा. जा. ओठ हलतात. आवाज

परत हाक मारली

कडी बर्फासारखी. उघडलं. पिवळी सॅक पाठीवर, पापण्यांवर पांढरं, आणि हसतोय, स्टँडवर हसायचा तसा

म्हटलं मी. पण तोंडातून निघालं ते ये—