बंद खणांतले स्क्रू

मंगळवार, ३

काल लिहिलंय ते चूक आहे. लॅपटॉप तीनदा बंद पडला असं लिहिलंय. दोनदाच पडला. तिसऱ्यांदा मी बंद केला, रागाने, आणि झाकण जरा आपटलंच. ते त्याच्या नावावर घालणं बरोबर नाही.

आणखी एक. ‘ग्राफिक्स कार्ड कमजोर आहे हे सिद्ध झालं’ असंही लिहिलंय. सिद्ध काही झालेलं नाही. दादा म्हणाला, एवढंच.

खरी गोष्ट इतकीच: वाचनालयाच्या नव्या खोलीचं मी लॅपटॉपवर जे चित्र केलंय, ज्यातून चालत फिरता येतं, ते दारातून आत शिरेपर्यंत छान चालतं. कपाटांच्या भिंतीपाशी आलं की अडखळतं. मग थांबतं. मग पंखा असा घोंगावतो की शेजारचे विचारतील, काय दळताय?

गुरुवारी बारा तारखेला मॅडम ते वाचनालयाच्या मंडळींना दाखवणार. त्यांच्या इंटिरियरच्या ऑफिसात सहा महिने मी फर्निचरवर चिकटवायच्या लॅमिनेटचे नमुने रंगांप्रमाणे लावलेत. हे माझं पहिलं स्वतःचं काम. फसलं तर फिरती चित्रं बाहेरून करून घेणार, आणि मी परत नमुन्यांपाशी.

बुधवार, ४

दादा : “कार्ड बदल. विषय संपला.” त्याच्या मते जगातले निम्मे प्रश्न कार्ड बदलून सुटतात. उरलेले बंद करून पुन्हा चालू केल्यावर.

आईने विचारलं, “कसलं कार्ड? लायब्ररीचं?” दादाने समजावलं की चित्रं दाखवायला लॅपटॉपच्या आत एक वेगळा मेंदू असतो. आई माझ्याकडे बघत म्हणाली, “हिला आहे तो पुरत नाही का?”

दोन रकाने आखले : बदलावं, बदलू नये. ‘बदलावं’मध्ये सात मुद्दे झाले. नीट पाहिलं तर त्यातले चार दादाचे. खोडले.

गुरुवार, ५

मॅडमना सांगितलं की बहुतेक कार्डाचा दोष आहे. “मग घे की बदलून!” मी म्हटलं, अजून नक्की नाही. “तुझं नक्की होईपर्यंत वाचनालय बांधून होईल गं.”

‘बहुतेक’ म्हटलं होतं मी. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

शनिवार, ७

लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. डोक्यावर भिंगाचा चष्मा, टेबलावर उघडी पडलेली दहा-बारा यंत्रं, आणि प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या वाटीत. बघून बरं वाटलं.

“ताई, हे बदलत नाही.”

म्हणजे?

“बोर्डालाच झाळून पक्कं केलेलं आहे. काही जुन्या, जाडजूड लॅपटॉपांचं निघायचं. तुमचं नाही. मोठं कार्ड हवं तर लॅपटॉपच दुसरा घ्या.”

चार दिवस मी रकाने भरत होते! (दादाला फोन केला. “अगं, मी डेस्कटॉपचं म्हणत होतो.” हं.)

मग डॉक्टर म्हणाले, “पण याला तुम्ही खायला काय घालता ते बघू.” फाइल उघडली. कपाटांची भिंत लपवली, पंखा एकदम गप्प. परत आणली, घों!

“या कपाटांत आहे तरी काय?”

खण आहेत. छत्तीस.

“आणि खणांत?”

दोन्ही बाजूंना सरकपट्ट्या. मागची फळी. स्क्रू. प्रत्येक खणाला चौदा.

“स्क्रूंना आटे?”

“आहेत.”

“प्रत्येकाला?”

“मोजून.”

त्यांनी भिंगाचा चष्मा काढला. “ताई, चित्रात हे खण कोणी उघडणार आहे का?”

नाही.

“मग?”

 उत्तर होतं, पण दुकानात उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

इथे लिहिते. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबा सुतार, काम जिकडे, बिऱ्हाड तिकडे. आईने अक्षरं शिकवली. अपूर्णांक बाबांनी, मापाच्या टेपवर. पाव, अर्धा, पाऊण हे मी आधी बोटाने शिकले. आणि सहाव्या वर्षी एका कपाटाची अख्खी पाठ पॉलिशपेपरने घासली, भिंतीला टेकणारी, कोणाला कधी न दिसणारी. “न दिसणारी बाजू आधी,” बाबा म्हणाले होते. तेव्हापासून मी कुठलीच बाजू सोडलेली नाही. बाहुलीच्या फ्रॉकचीसुद्धा.

रविवार, ८

खण पोकळ केले तर ती कपाटं नाहीत, पुठ्ठे आहेत. मंडळींना पुठ्ठे दाखवायचे? ठरत नाही.

सोमवार, ९

शेवटी बाबांना विचारलं. ते अंगणात पटाशीला धार लावत होते. गुडघ्यामुळे काम सोडलंय, पण पटाशीला ते कळवलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग : “पाठ कशासाठी घासायची म्हणून सांगितलं होतं?”

“न दिसणारी बाजू आधी...”

“ते तू पाठ केलंस. कारण काय?”

कारण आठवेना! सांगितलं होतं का, हेही आठवेना.

“अगं, कपाट हलवताना हमालाचा हात मागेच जातो. त्याला कुसळ लागू नये, म्हणून. तुझ्या चित्रातलं कपाट कोण उचलणार आहे?”

एकोणीस वर्षं! नियम घट्ट धरला आणि कारण वाटेत पडलं.

आई आतून ओरडली, “तेव्हाच म्हणत होते, पोरीला घासायला लावू नका. बोटं लाल व्हायची तिची!”

“मग काढून टाकू सगळं आतलं?”

“टाकायचं कशाला? बाजूला ठेव. सुतार तुकडा टाकतो का कधी?”

मंगळवार, १०

दोन फाइली केल्या. बाहेरची ‘देखावा’. आतली ‘पोट’. पाचशे चार स्क्रू पोटात.

देखावा पळतोय! पंखा गप्प. त्याच लॅपटॉपवर, त्याच कार्डावर. कपाटांपाशी मुद्दाम सहा वेळा जाऊन आले.

मॅडमना जाऊन सांगितलं की दोष कार्डाचा नव्हता, माझा होता. त्या म्हणाल्या, “चालतंय ना? मग आता वाद उकरू नकोस.”

डॉक्टरांनाही सांगायला हवं. लॅपटॉपचीही माफी मागायला हवी, पण ती इथेच मागते.

गुरुवार, १२

झालं! एकदाही अडखळलं नाही. मंडळींपैकी एका आजोबांनी चित्रातल्या खिडकीपाशी ‘परत जरा बसवा’ म्हणून दोनदा बसून घेतलं.

मागच्या खुर्चीत एक बाई होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कपाटं ज्या वर्कशॉपात बनणार त्याच्या मालकीण.  शेवटी म्हणाल्या, “सुंदर. पण यावरून मी कापू काय?”

मॅडम हसल्या. मापांची चित्रं नंतर येतील, म्हणाल्या. आणि माझं तोंड, मला न विचारता : “आतलंही आहे.”

‘पोट’ उघडलं. लॅपटॉप कुंथत होता, पण पेन्सिलवाल्या बाईंना घाई नव्हती. उठून जवळ आल्या. एकेक खण बघितला. मग स्क्रीनवर पेन्सिल टेकवली : “हा स्क्रू लांब आहे. पलीकडून टोक निघेल. आत हात घालणाऱ्याला ओरखडा.”

बरोबर होतं! माझे कान तापले.

“बाकी चोख आहे. कुठे शिकलीस?”

“घरी.”

शुक्रवार, १३

मॅडमनी नोकरीत कायम केलं! वर म्हणाल्या, “तुला नवा लॅपटॉप. सगळ्यात मोठ्या कार्डाचा. पुढच्या शुक्रवारी ऑर्डर देते. आता नुसत्या अशा फिरत्या चित्रांच्या फिल्मच फिल्म करायच्या.”

दादा माझ्यापेक्षा जास्त नाचला. “बघ! कार्डच लागतं शेवटी!”

मी धन्यवाद म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते पुरेसं खरं वाटलं नाही.

घरी आल्यावर ‘देखावा’ उघडावासा वाटला नाही. ‘पोट’ उघडलं आणि तो लांब स्क्रू नीट केला. छत्तीसही खणांत.

सोमवार, १६

मॅडमनी नमुने पोचवायला वर्कशॉपात पाठवलं. दारात दोघं हमाल एक कपाट उचलत होते. हात बरोबर मागे गेले! ते टेकवल्यावर मी हळूच पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

पेन्सिलवाल्या बाईंनी बघितलं असणार. म्हणाल्या, “आमचा चित्रं काढणारा काम सोडून गेला. ते टेबल रिकामं आहे. कपाटांच्या आतलं रेखाटायचं काम. येतेस?” मी गडबडले. “लगेच नको सांगूस. आणि आधी तुझ्या मॅडमशी बोल, त्यांच्यामागून मला काही नको.”

त्या टेबलावरचा संगणक दादाच्या जुन्या खेळण्यांइतका जुना. बाईंनी एका कपाटाचं मापाचं चित्र उघडून दाखवलं. नुसत्या रेषा आणि आकडे. सरळ चाललं. “यात कार्डबिर्ड काही नाही हं,” त्या म्हणाल्या. “लागतही नाही.”

मंगळवार, १७

परत दोन रकाने. मॅडमनी संधी दिली, कायम केलं, हे सगळ्यात वर लिहिलं. ते खोडता येत नाही, खोडणारही नाही.

बाबांना सांगितलेलं नाही. त्यांना आनंद होईल, आणि मग तो मुद्दा माझा की त्यांचा हे मला ठरवता येणार नाही.

बुधवार, १८

रकाने फाडले.

शुक्रवार, वीस तारीख. मॅडम साडेदहाला चहा घेतात, अकराला फोन करायला बसतात. लॅपटॉपची ऑर्डर त्यातच जाणार. मधल्या अर्ध्या तासात सांगायचं : मोठं कार्ड नको, मी वर्कशॉपात जातेय. त्यांनी कप खाली ठेवल्यावर. आधी नाही.