पाच नंबरचा पाय

सोमवार, २ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. काही गोष्टी बोलून दाखवल्या की माणूस मत्सरी वाटतो. मी तसा नाही. म्हणून लिहून ठेवतो.

हिची टाच दोन महिने दुखतेय. मी म्हटलं होतं, होईल बरी. तर आज ही मला न विचारता फिजिओकडे जाऊन आली. बावीस वर्षं मी बुटांच्या दुकानात आहे. दिवसाला तीस-तीस पाय हातात घेतो. घरात असा एक्सपर्ट असताना बायको पाय दाखवायला बाहेर जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

येताना एक वस्तू घेऊन आली. हातभर लांबीची लाकडी फळी. मधे खाचेत बसवलेला गोल दांडा, त्यावर तळवा पुढेमागे फिरवायचा. टोकाला रबरी पट्टा, त्यात पायाची बोटं अडकवून ओढायचा. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. म्हणे पाय बळकट होतात. याला हल्ली उपचार म्हणतात. मी हसलो. ही हसली नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
जेवताना हिचं ‘ते म्हणाले’ अकरा वेळा. ते म्हणजे फिजिओ. मोजत नव्हतो, पण मोजले गेले. ते म्हणाले, एका पायात तेहेतीस सांधे असतात. मी म्हटलं, असतील, बूट घातला की दिसत नाहीत. त्यावर कन्येनं आईकडे पाहिलं आणि आईनं कन्येकडे. चौदा वर्षांच्या मुलीला बापाचा विनोद कळत नाही, यात माझा दोष नाही.

हिचा पाय म्हणजे माझ्या करिअरमधलं सगळ्यात मोठं यश. हे कोणीतरी त्या फिजिओला सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी ही गिऱ्हाईक म्हणून दुकानात आली. मी नुसतं पाहिलं आणि म्हटलं, “पाच.” पट्टी नाही, माप नाही. जोड आणला, हिनं घातला, चार पावलं चालली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, बरोबर बसलाय. सात महिन्यांनी लग्न. तेव्हापासून दरवर्षी हिचा जोड मीच आणतो. पाच नंबर. एकदाही बदलायला न्यावा लागलेला नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
फिजिओकडे दुसरी खेप. या वेळी कन्या बरोबर गेली होती. सहज चौकशी केली. उंच आहे. आवाज चांगला आहे. समजावून छान सांगतो. भिंतभर सर्टिफिकेटं आहेत. मी विचारलं, बूट कसले होते? म्हणाली, बूट नव्हतेच, ते क्लिनिकमध्ये अनवाणी असतात.

अनवाणी. पेशंटसमोर.

ही म्हणाली, त्यांचे हात गार असतात, बरं वाटतं. संध्याकाळी पाच मिनिटं हात बर्फाच्या पाण्यात धरले आणि हिच्या टाचेला लावले. ही ओरडली. शेजारच्या काकू विचारायला आल्या. चांगुलपणाची किंमत नाही या घरात.

सोमवार, ९ फेब्रुवारी
दुकानात आज तीन जोड परत आले. एकाला घट्ट, दोघांना सैल. लोकांचे पाय हल्ली स्थिर राहिले नाहीत. मालक म्हणाले, पट्टीनं माप घेत जा ना जरा. मी म्हटलं, साहेब, पट्टी कोणीही लावेल. ‘आमचा माणूस नजरेनं नंबर सांगतो’ असं तुम्हीच तर लोकांना सांगता. ते म्हणाले, सांगायचो.

घरी आलो तर ही खुर्चीत बसून फळीवर पाय फिरवत होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर हसू. माझ्या पगारवाढीच्या दिवशीही हे हसू पाहिलं नव्हतं. एका फळीचा हेवा वाटावा इतका मी हलका माणूस नाही. पण फळी माझ्या बाजूला, माझ्या पलंगाखाली ठेवायची काय गरज?

संकल्प: १. फिजिओचा विषय आपण होऊन काढायचा नाही. २. त्यानं हिला लक्ष्य दिलंय, महिन्याभरात पायाच्या बोटांनी जमिनीवरचा रुमाल उचलायचा. मी तो पंधरा दिवसांत उचलणार. न बोलता. सगळ्यांसमोर.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
ही भाजी आणायला गेल्यावर फळी काढली. बसून करण्यात काय पुरुषार्थ, म्हणून उभ्यानं केलं. दांडा अपेक्षेपेक्षा जास्त फिरतो. पडलो नाही. खाली बसलो, जरा वेगानं.

कन्या आतल्या खोलीतच होती हे माहीत नव्हतं. आईला सांगणार नाही म्हणाली. मोबदल्यात रविवारी सिनेमा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
प्रगती चांगली. रुमाल हलतो.

दुकानात एक प्रसंग झाला, तो नोंदवून ठेवतो कारण लोक वेगळं सांगतील. एका बाईंना सँडल घालून देत होतो. गुडघ्यावर बसलो होतो. उठताना पोटरीत पेटका आला, तो असा की हलता येईना. बाईंचा पाय हातात, तो सोडवेना. त्यांचे यजमान शेजारीच उभे होते. आधी ते हसले. मग हसायचे थांबले. शेवटी मालकांनी काखेत हात घालून मला उचललं. सँडल विकली गेली नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी
फळी माळ्यावर ठेवली. लपवलेली नाही. घरात पसारा फार झालाय, एवढंच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
ही पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवून तिच्यावर पाय फिरवत होती. ते म्हणाले, फळी नसली तर बाटलीही चालते. फळी कुठे गेली, हे हिनं विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

रविवार, २२ फेब्रुवारी
हिनं रुमाल उचलला. मग पेन्सिल उचलली. कन्येनं शिट्टी वाजवली. मीही टाळ्या वाजवल्या, दोन. माझा रुमाल अजून हलण्याच्याच पातळीवर आहे, पण माझा रुमाल जाड कापडाचा आहे, हे इथे कोण लक्षात घेणार.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. पाय बळकट झाले म्हणतात, पण बूट घालून ही चालते तशीच, सावकाश. हिची चाल मुळातच संथ आहे. सासरेबुवांनाही मी कौतुकानं सांगायचो, तुमची लेक कशी शांत चालते. घरी आल्यावर दारातच बूट काढते आणि मिनिटभर भिंतीला हात टेकून, डोळे मिटून उभी राहते. किती वर्षं बघतोय हे. घरी पोचल्याचा आनंद काही बायकांच्या चेहऱ्यावर असा दिसतो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी
आज जेवण सोडून लिहायला बसलोय.

हिच्या कपाटात मी काही शोधत नव्हतो. हातरुमाल हवा होता. हातरुमाल माझ्या कपाटात असतात, हे नंतर आठवलं. ठेवणीतल्या कपड्यांच्या तळाशी घडी घातलेला एक कागद होता. मोठा. चार घड्या. प्रामाणिक बाई कागद कपड्यांखाली का ठेवेल?

उघडला. पत्र नव्हतं. पत्र परवडलं असतं. कागदावर हिच्या दोन्ही पायांची आकृती होती. पेन्सिलीनं काढलेली. म्हणजे ही अनवाणी त्या कागदावर उभी राहिली आणि तो अनवाणी माणूस खाली बसून पेन्सिल फिरवत गेला. टाचेपासून करंगळीपर्यंत. प्रत्येक बोटाच्या फटीतून. घाई नाही, रेघ कुठे तुटलेली नाही. एकोणीस वर्षांत मी हिच्या पायाभोवती पेन्सिल फिरवलेली नाही. मला गरजच पडली नाही, हा भाग वेगळा. पण आज जळतोय मी. लिहितो एकदा: जळतोय.

मग खाली लिहिलेलं दिसलं. नंबर, साडेसहा. आणि माझं मला हसू आलं. एवढी भिंतभर सर्टिफिकेटं आणि मोजायला गेला तर दीड नंबरनं चुकला. पाचाच्या पायाला साडेसहा. आमच्याकडे असा माणूस दुपारपर्यंत टिकला नसता.

आता याला सोडत नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
अर्धी रजा टाकून क्लिनिकमध्ये गेलो. पोटरीचा पेशंट म्हणून. पेटका खरा आहे, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. धंदा विचारला तर म्हटलं, नोकरी करतो.

उंच आहे. आवाजही आहे. पाय पसरट.

विषय मीच काढला. म्हटलं, काही जाणकार लोक नुसत्या नजरेनं पायाचा नंबर सांगतात. तो म्हणाला, “अशाच जाणकारांमुळे माझं क्लिनिक चालतं.” मी म्हटलं, तुमचा नऊ. तो म्हणाला, दहा. सूज असावी.

मग पोटरी चोळत सांगत बसला. “टाचांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्या बायका लहान बूट घालत असतात. एक पेशंट तर अशी आहे, तिचा नवराच बुटांच्या दुकानात आहे. तरी वर्षानुवर्षं दीड नंबर लहान बूट घालतेय. मी म्हटलं, आधी बूट बदला. तर बाई म्हणाल्या, ते नको, त्यांना वाईट वाटेल, दुसरं काही सुचवा. शेवटी मी एक फळी दिली. बूट बदलायचे नसतील तर निदान पाय तरी बळकट करा.”

मी म्हटलं, कमाल आहे. असल्या नवऱ्यांमुळे आमच्या, म्हणजे त्यांच्या धंद्याला बट्टा लागतो.

घरी येताना सगळा वेळ विचार केला, कोण असेल हा. आपल्या भागात बुटांची दुकानं सात. आमचं सोडून सहा. त्यातले दोघे अविवाहित. चौघांवर संशय आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी
संशय दोघांवर आला. त्यातल्या एकाची बायको वारली आहे, असं आज कळलं. उरलेल्याला भेटून आलो. त्याची बायको बूट घालतच नाही, कायम चपला.

झोप नीट लागत नाही. पोटरीमुळे.

रविवार, १ मार्च
दुकानातली मापाची पट्टी पिशवीत घालून आणली होती. त्या फिजिओची चूक लेखी दाखवून द्यावी, एवढाच हेतू. हिला म्हटलं, पाय ठेव. ही म्हणाली, “राहू द्या ना.” मी म्हटलं, ठेव. कन्या पुस्तक मिटून बघायला लागली.

मी जमिनीवर बसलो, हिनं पाय ठेवला. मी सरकपट्टी बोटांना टेकवली. साडेसहा.

पट्टी जुनी आहे. लाकूड आटलं असेल. म्हणून स्वतःचा पाय ठेवून पाहिला. आठ. माझा आठच आहे. हिचा दुसरा पाय घेतला. साडेसहा. हिच्या करंगळीवर घट्टा आहे, अंगठा आत वळलेला आहे. दिवसाला तीस पाय बघणारा मी, हा पाय आज पहिल्यांदा बघत होतो.

विचारलं, “मग त्या दिवशी दुकानात ‘बरोबर बसलाय’ असं का म्हणालीस?”

ही म्हणाली, “तुम्ही इतक्या खात्रीनं पाच म्हणालात, मला नाही म्हणवेना. वाटलं, एक जोड तर आहे.”

“आणि नंतर?”

“नंतर तुम्ही दरवर्षी आणत गेलात. सगळ्यांना सांगत गेलात.” मग म्हणाली, “बूट आणलेत हो. टोचतात का, ते कधी विचारलं नाहीत.”

ही चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. साधंच म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तसं. मग माझा हात धरून मला उठवलं, कारण मला पुन्हा पेटका आला होता.

फळी माळ्यावरून काढली. हिच्या बाजूला ठेवली.

सोमवार, २ मार्च
दुकानात आज प्रत्येकाला पट्टी लावली. नजरेनं अकरा जणांचा नंबर मनात धरला होता. चार बरोबर आले. मालकांनी विचारलं, डोळे बिघडले का? म्हटलं, हो, जुनंच आहे.

घरी आल्यावर कन्या म्हणाली, बाबा, माझा नंबर काय? तोंडात चार आलं होतं. गिळलं. पट्टी लावली. तिचा काय निघाला ते इथे लिहीत नाही.

हिच्यासाठी जोड आणला होता. साडेसहा, पुढून रुंद. हिनं घातला. ‘बरोबर बसलाय’ म्हणाली नाही. खोलीतून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग म्हणाली, मी जरा बाहेर चक्कर मारून येते. मी म्हटलं, थांब, मीही येतो, आणि खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

खिडकीतून पाहिलं तर ही दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी. नाडी बांधून होईपर्यंत कोपऱ्यावर. हात हलवत, झपाझप, मागे न बघता. मी जिन्यात पोचलो तेव्हा रस्त्यावर नव्हतीच.

हिची चाल मुळातच संथ आहे, असं मी एकोणीस वर्षं लोकांना सांगत आलोय.