मंत्र्यांपुढं मावशी

४ नोव्हेंबर

"बाई रडलीच नाही पूनम. मग आमदार तरी काय करणार?" – मल्हारदादा, बंगल्याच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. मेंढपाळ संघाचे अध्यक्ष ते, पण आमदारांपुढं माणूस उभं करायची कल्पना माझी. दर अधिवेशनाला आपण निवेदन देतो – मेंढपाळावर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षेचा कायदा करा, चराईचे पास द्या. आमदार हसून घेतात, पीएकडं देतात, पीए कपाटात टाकतो. मीच दादांना म्हणाले, कागद कोण वाचतंय? माणूस दाखवू.

आणि माणूस म्हणजे माझी सख्खी मावशी, गोजाबाई. तिचा नवरा येडूकाका गेल्या वर्षीच्या श्रावणात जेऊरच्या पलीकडं मेंढरं घेऊन गेला होता, मावशी बरोबरच होती. गायरानात कळप का शिरला म्हणून चौघांनी काठ्यांनी मारला. सिव्हिल हॉस्पिटलात जीव गेला त्याचा. चौघंही जामिनावर बाहेर आहेत. केस इथंच, सोलापूरच्या कोर्टात.

तर आज मावशी आत गेली आणि आमदारांना काय सांगावं हिनं? "सायेब, कुत्र्याला बी लई मारलं वो. त्येचं कंबरडंच मोडलं."

आमदारांना वाटलं, बाई कुत्र्याची तक्रार घेऊन आलीय! पीएला म्हणाले, "यांना पशुवैद्यकीयचा नंबर द्या." आमचा चहाही पुरा पिऊन झाला नव्हता.

६ नोव्हेंबर

मावशीला कुंभारीला माझ्या खोलीवर ठेवून घेतलंय. कॉट आहे तरी खालीच झोपते. कॉटवर म्हणे पाठीला जमीन लागत नाही.

आज दिवसभर तालीम.

"आधी रक्त सांगायचं. मग सिव्हिल. कुत्रं अजिबात नको."

"कुत्रं बी मेलंच की गं."

"नको म्हटलं ना!"

तरी काहीतरी कमी पडत होतं. अमक्यानं मारलं, तमक्यानं मारलं, हे आमदार रोज ऐकतात. मी विचारलं, काकानं पाणी मागितलं होतं का?

"न्हाय. दातखीळच बसल्याली त्येची. बोलला कुटं त्यो?"

"मागितलं म्हणून सांग. आणि त्यांनी दिलं नाही म्हणून सांग."

मावशी बघतच राहिली माझ्याकडं. "आन् खरं झालं त्ये?"

"खरं कुठं पळून चाललंय?"

दोनदा नुसतंच पुटपुटली. मग एकदा "पाणी" या शब्दावर तिचा आवाज चिरला आणि पदर तोंडात गेला. माझ्या अंगावर काटा आला. जमलं!

११ नोव्हेंबर

आज दुसऱ्या आमदारांकडं. ते आत पूजेला बसलेले, म्हणून त्यांच्या बायकोपुढंच सांगितलं. बाई हमसून हमसून रडली. स्वतः उठून साहेबांना घेऊन आली – "हे ऐका आधी!" साहेबांनी पूर्ण ऐकलं. पत्रावर सही दिली. इतक्या वर्षांतली पहिली सही!

तिकडं जाताना एक झालं. नवी पेठेतून मी मावशीला नवी चप्पल घेऊन दिली होती. लई खूश होती. दादांनी गाडीतच बघितली. "ही काढायला लाव. मेंढपाळाची बाई दाखवायचीय का मास्तरीण?" मावशीनं काढून पिशवीत घातली. बंगल्याच्या अंगणात शहाबादी फरशी, ऊन मी म्हणत होतं. पाय उचलून उचलून चालत होती. ते तर आणखीच चांगलं दिसलं.

१९ नोव्हेंबर

आज दोन ठिकाणी. "पाणी" म्हणाली की रडतेच. नळ सोडल्यागत. दादा म्हणाले, "पूनम, तू या धंद्यात मुरलीस."

२८ नोव्हेंबर

बिघडलं सगळं.

पार आटली मावशी. आज पाढे म्हणावेत तशी म्हणत गेली – रक्त, सिव्हिल, पाणी. डोळे कोरडे ठक्क. समोरचे आमदार मध्येच म्हणाले, "हे मी ऐकलंय कुठंतरी." दादा गाडीत माझ्यावर उखडले. अधिवेशन तोंडावर आलंय आणि बाई अशी!

घरी आल्यावर मी तिच्यावर काढलं. तुला काकाचं काही वाटत नाही का म्हणाले. म्हणाले मी असं!

ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आता त्यो दिसतच न्हाय गं मला. डोळं झाकलं की त्येचं त्वांड यायचं. आता नुसतं पाणी दिसतंय. त्येनं न मागितल्यालं."

मग म्हणाली, "मला वाड्यावर जाऊ दे. मेंढ्या व्यायला झाल्यात. माउलीला एकट्याला हुयाचं न्हाय." माउली तिचा दीर. वाडा म्हणजे कळपाचा तळ, सध्या त्याच्याकडं, सांगोल्याच्या बाजूला आहे.

अधिवेशन झालं की सोडते म्हणाले. झोप म्हणाले.

९ डिसेंबर, नागपूर

आमदार निवास म्हणजे जत्रा. जिन्यात, व्हरांड्यात, जिकडंतिकडं संघटनाच संघटना. पोलीस पाटील, शिक्षक, रोजंदारीवाले, अंगणवाडी. सगळ्यांच्या हातात निवेदनं, सगळ्यांना त्याच दोन-चार मंत्र्यांची पाच मिनिटं पाहिजेत.

आणि आमची कल्पना एकट्या आमचीच नाही! विनाअनुदानितवाल्यांनी पण एक विधवा आणलीय. लीला नाव. पगार नाही म्हणून नवऱ्यानं शाळेतच गळफास घेतला. बाई शिकलेली, आवाज असा की काळीज कापत जातो. थांबायचं कुठं तेही तिला कळतं. दादा हळूच म्हणाले, "त्यांची बाई आपल्यापेक्षा सरस आहे."

संध्याकाळी बघते तर दोघी जिन्याच्या पायरीवर एका कपातला चहा बशीत ओतून पितायत. मावशी तिला विचारत होती, "तुमाला बी काय काय घालून सांगाय लावत्यात का वो?"

लीला हसली. मला बघून मावशीनं बशी खाली ठेवली.

१० डिसेंबर

माउलीचा फोन. वाड्यावर कसलातरी रोग शिरलाय. कोकरं पटापट चाललीत. भुरी पण गेली, पोटातल्या पिल्लासकट. भुरी म्हणजे काकाची मेंढी. तिची आई वितानाच मेली तेव्हा काकानं बाटलीनं दूध पाजून, छातीशी धरून जगवलेली. मावशी तिला "माझी सवत" म्हणायची.

"वैनीला लगीच सांगा. तिला यिऊ द्या," माउली म्हणाला. रडत होता.

सांगते म्हणाले. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रात्रीच्याच गाडीनं निघाली असती, आणि मंत्र्यांची वेळ परवाची मिळालीय. आधी एवढंच मनात होतं.

मग दुसरं आलं मनात. परवाच सांगावं. दारात.

१२ डिसेंबर

झालं.

मंत्र्यांच्या दालनाबाहेर बाकड्यावर बसलो होतो. शिपायानं आमच्या संघाचं नाव पुकारलं. दादा आणि ते सही देणारे आमदार पुढं झाले. मी मावशीचा दंड धरला आणि कानात सांगितलं – "मावशी, भुरी मेली. गाभण होती ती. कोकरं पण गेली."

तिला आधी कळलंच नाही. "कोण?" म्हणाली. आणि तेवढ्यात दार उघडलं.

पाठ केलेलं एक अक्षर बोलली नाही ती. गालिच्यावर मटकन बसली आणि ओरडली, "गेलं वो माजं समदं! आता कुनाच्या जिवावर ऱ्हाऊ मी!" डोकं आपटायला लागली. मंत्री खुर्चीतून उठले. आमदारांनी काकाची हकीकत सांगितली. पाण्याचंही त्यांनीच सांगितलं. मंत्र्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लक्षवेधी लावून घ्या. मी उत्तर देतो."

दादांनी बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरले. "कसं केलंस?"

सांगितलं. दादांनी माझे हात सोडले. मग म्हणाले, "तू फार पुढं जाणार."

मावशीला रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं एवढंच विचारलं, "कवा मेली?"

"आजच फोन आला," म्हणाले.

१६ डिसेंबर

आमची लक्षवेधी लागली! गॅलरीत बसून ऐकली. "पाण्याच्या घोटासाठी तडफडणारा माझा मेंढपाळ बांधव" – आमदार काय बोलले! बाकं वाजली. मंत्र्यांनी कायद्याचा मसुदा करायला समिती जाहीर केली. दादा समितीवर. संघाच्या जन्मात असं झालं नव्हतं.

मावशीला फोन केला.

"झाला कायदा?"

"झाल्यातच जमा."

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

२ जानेवारी

सोलापूर. त्याच आमदारांनी मला आणि दादांना बंगल्यावर बोलावलं. या वेळी आतल्या खोलीत, सोफ्यावर. शेंगाचटणी-भाकरी खाऊनच जा म्हणाले.

मग विषय निघाला. काकाला मारणाऱ्या चौघांतला एक त्यांच्या खास माणसाचा पुतण्या. "मसुदा मीच पुढं रेटणार आहे. पण त्याच वेळी आपलीच पोरं आत गेली तर मला आमच्या लोकांना तोंड दाखवता येणार नाही. मग मसुदा कोण रेटणार? तुम्हीच बघा."

मावशीची साक्ष फेब्रुवारीत आहे. चेहरे दिसले नाहीत म्हणायचं, झालं. बघणारी ती एकटीच होती.

दादा परतताना स्वतःलाच समजावत होते. "एका येडूसाठी सगळ्या मेंढपाळांचं वाटोळं करायचं का? तो तर काही परत येत नाही." मग हळूच – "समितीवर एक बाई पाहिजे म्हणतायत. साहेबांनी तुझंच नाव काढलं."

मी म्हणाले, मावशीचं मी बघते.

५ जानेवारी

वाड्यावर गेले. निम्मा कळप राहिलाय. मावशी दगडाच्या चुलीवर भाकरी थापत होती. मला बघून माउली उठला, पाणी दिलं आणि बोलता बोलता बोलून गेला – "वैनीला दोन दिस आदी धाडली आस्ती तर भुरीचं त्वांड तरी बघितलं आस्तं तिनं. मी तर मेली तवाच फोन केल्ता की तुमाला."

मावशी समोरच होती. हात थांबला नाही तिचा. वर बघितलं नाही. भाकरी उलटली, फुगवली, माझ्या ताटात टाकली. वरून दूध घातलं. "जेव," म्हणाली.

 जेव म्हणाली म्हणजे सोडून दिलं असणार. शेवटी रक्ताचं नातं.

जेवण झाल्यावर कोर्टाचं काढलं. धुरळा होता म्हणायचं, तोंडं दिसली नाहीत म्हणायचं.

"आसं म्हनल्यावर कायदा हुईल?"

"होईल."

"पुना कुना बाईचा नवरा मरनार न्हाय?"

"नाही मरणार."

"मग सांग. पाठ करते."

एकदाच सांगितलं. तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, एक शब्द इकडंतिकडं नाही. तयार झाली बाई!

१६ फेब्रुवारी

समितीच्या पत्रात माझं नाव आलं. आईला फोन केला तर म्हणाली, तुझ्या मावशीच्या पाया पड आधी. उद्या कोर्ट. उद्याच पडते.

१७ फेब्रुवारी

मावशीनं चौघांची नावं घेतली. बापाच्या नावासकट. एकेकाकडं बोट करून, कोणी काय धरलं होतं, कुठं मारलं. रडली नाही. आमदारांचा माणूस मधूनच उठून बाहेर गेला.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणला होता का?"

"व्हय."

"कुणी?"

"ती मागं बाकड्यावर बसलीया बगा. माझ्या बहिणीची पोरगी."

न्यायाधीशांनी मला उभं राहायला सांगितलं. नाव विचारलं.