पंचवीसच्या चार

प्रिय धाकल्या,

तुला पत्र लिहून तीसेक वर्षं झाली असतील. तू वसतिगृहात होतास तेव्हा लिहायचो, आणि उत्तरात तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका कळवायचास. आताही लाल पेन हातात घेतलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. गणिताचा मास्तर झाल्यापासून तुला कुठलीही गोष्ट पायरी न गाळता सांगावी लागते, म्हणून पहिल्या पायरीपासून लिहितोय. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर आपण दोघे भाऊ तब्येत, पाऊसपाणी आणि मुलांच्या परीक्षा यांच्या पलीकडे कधी गेलोय?

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या वहिनीच्या वाचनालयात लोखंडी कपाटं आली आहेत आणि सगळी पुस्तकं नव्याने लावण्यात तिची पाठ धरली आहे. कारखान्यात रंग जुळवायचं यंत्र आलंय. कापडाचा तुकडा त्याच्यासमोर धरला की ते आकडे सांगतं. तरी शेवटी नमुना उत्तरेच्या खिडकीशी धरून मला हाक मारतातच, "शेडमास्तर, जरा बघा." मी मान हलवल्याशिवाय कापड टाकीत पडत नाही. या डोळ्यांवर बत्तीस वर्षं आपलं घर चाललं. त्या डोळ्यांनी मला एकदा कसं फसवलं, तेच सांगायचं आहे. म्हणजे फसवलं मीच, डोळे बिचारे नावाला.

तू मला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतंस, "दादा, या वयात रात्रपाळी मागून कशाला घेतलीस?" मी म्हणालो होतो, रात्री वरिष्ठांची कटकट नसते. खोटं होतं ते. मला घरी झोपायचं नव्हतं. नवरा-बायको म्हणून आमच्यात जे असायचं, ते माझ्याकडून होईनासं झालं होतं. एकदा झालं, वाटलं दमलो असेन. दुसऱ्यांदा झालं. मग ती जवळ आली की मनात तीच धास्ती, आणि धास्तीपायी पुन्हा तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी मी मूठ झाकली आणि घराबाहेर पडलो. वर्षभर सकाळी ती कामावर जायला निघायची तेव्हा मी घरात शिरायचो. दारात चपला घालताना आणि काढताना आमची भेट व्हायची. तिने त्या वर्षी केस रंगवायला सुरुवात केली, नवी चष्म्याची चौकट आणली, आणि मग एके दिवशी केस रंगवणं बंद केलं. मी रंगाचा माणूस, माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं मात्र नाही.

शेवटी मी डॉक्टरकडे गेलो. आपले जुने डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची मुलगी बसते. माझ्या मुलीच्या वयाची. तिच्यासमोर बसल्यावर माझ्या तोंडून निघालं, "खोकला झालाय." तिने औषध दिलं. आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा खोकलाच. तिसऱ्या वेळी तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही इथे तीनदा आलात, पण तुमचा खोकला काही मला अजून ऐकू आला नाही. दुसरं काही सांगायचंय का?" मी टेबलावरच्या कागदाकडे बघत सांगितलं. ना तिने मान खाली घातली, ना ती हसली. गुडघा दुखतो म्हटल्यावर विचारतात तसं विचारत गेली. कधीपासून? सकाळी उठताना? सिगारेट? झोप? लघवीच्या त्रासाची गोळी कुठली घेता? छातीत दुखतं का? जिभेखाली ठेवायची गोळी घेता का? मग रक्त तपासायला लावलं, छातीचा आलेख काढायला लावला. छाती ठीक निघाली, साखर मात्र चांगलीच वाढलेली. तिने समजावलं की शरीरातल्या बारीक नळ्या आधी कुरकुरतात, मोठ्या नंतर. "बरं झालं आलात," म्हणाली. ही लाजेची गोष्ट नसून बरी वेळेवर मिळालेली सूचना आहे, असं कोणी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होतं.

तिने साखरेचं औषध दिलं, आणि या कामासाठी पंचवीस मिलिग्रॅमची एक गोळी. लघवीच्या गोळीने रक्तदाब उतरतो आणि हिच्यानेही उतरतो, म्हणून लहानातल्या लहान मात्रेपासून सुरुवात, दोन्ही गोळ्यांत काही तासांचं अंतर, जड जेवणावर नाही, तासभर आधी, दिवसातून एकदाच. "ही गोळी म्हणजे दिव्याचं बटण नाही काका. मन आणि माणूस दोन्ही लागतं. चार-सहा वेळा घेऊन बघा, मग महिन्याने या, आपण मात्रा ठरवू. आणि काकूंना सांगा." यातलं शेवटचं वाक्य मी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आलो.

पहिली गोळी घेतली ती एका लग्नाचं जेवण जेवून आल्यावर. आकंठ जेवलो होतो. काही झालं नाही. दुसरी घेतली आणि घड्याळाकडे बघत बसलो. तिला काहीच माहीत नाही, ती बापडी वीजबिल शोधत होती, आणि मी इकडे मिनिटं मोजतोय. तिसऱ्या वेळी थोडं जमल्यासारखं वाटलं आणि मग विरून गेलं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई लहान आहे, घाबरते आहे. माझ्यासारख्या गड्याला पंचवीसने काय होणार? महिना व्हायला दहा दिवस होते. मला तेवढाही धीर नव्हता.

बुधवारी तुझ्या वहिनीला सुट्टी असते, आणि त्या आठवड्यात रात्रपाळीऐवजी माझी पाळी दुपारी एकची होती. सकाळी मी पंचवीसच्या चार गोळ्या एकदम घेतल्या. लघवीची गोळी नुकतीच घेतली होती, हे ध्यानातही आलं नाही. मग तिच्याजवळ गेलो. माझा चेहरा लालबुंद झालेला, कानशिलं ठणकत होती, आणि मी दात-ओठ खाऊन प्रेम करायला निघालो होतो. ती दचकली. म्हणाली, "वर्षभरात माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि आज हे काय?" मी शर्ट चढवला आणि कामावर निघून गेलो. गोळीने तिचं काम केलं होतं की नाही, ते बघायची वेळच आली नाही.

त्या दिवशी एक राखाडी रंग द्यायचा होता, फिकट, पावसाळी ढगासारखा. नमुना खिडकीशी धरला तर मला तो निळसर दिसला. भिंत निळसर, टाकीवाल्याचं बनियन निळसर. ही गोळी जास्त झाली की सगळं निळसर दिसतं, हे मला मागाहून कळलं. मी रंगात तांबूस वाढवायला सांगितलं. टाकीवाला माझ्याबरोबर वीस वर्षं आहे, त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी शिडीवरून टाकीत डोकवायला वर चढलो, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली उकळता रंग होता, धाकल्या. टाकीवाल्याने माझा कमरेचा पट्टा धरून मला मागे ओढलं नसतं, तर हे पत्र लिहायला मी नसतो.

त्याला वाटलं, मला हृदयाचा झटका आलाय. त्याला स्वतःला तो त्रास आहे, म्हणून जिभेखालच्या गोळ्यांची बाटली त्याच्या खिशात असते. त्याने ती उघडली, गोळी बोटात धरली, माझं तोंड उघडायला लागला. तेवढ्यात कारखान्याच्या औषधखोलीतली नर्सबाई धावत आली आणि त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, "थांब. आधी याने काय खाल्लंय ते कळू दे." मी तोंडात मिठाची गुळणी धरून पडलो होतो. शुद्धीवर होतो, ऐकत होतो, आणि शरमेने गप्प होतो.

इस्पितळात तुझी वहिनी आली तेव्हाही मी गप्पच. तिथले डॉक्टर विचारत होते, काय घेतलंत, काय घेतलंत. तिने माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला, गोळ्यांची पट्टी काढली, चष्मा वर करून नाव वाचलं. मग मला एकच शब्द विचारला, "किती?" मी म्हणालो, "चार." वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललेलं ते पहिलं खरं बोलणं. डॉक्टरांनी पाय उंच केले, सलाइन लावलं, रक्तदाब हळूहळू जागेवर आला. नंतर त्यांनी माझ्याबरोबर आलेल्या टाकीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की ती जिभेखालची गोळी याच्या पोटातल्या गोळ्यांवर पडली असती तर रक्तदाब असा कोसळला असता की वर आणता आला नसता. तो गडी बाकावर बसून रडला. मी अजूनही कारखान्यात गेलो की आधी औषधखोलीच्या दारात जाऊन नर्सबाईला नमस्कार करतो. ती म्हणते, "पुरे झालं आता, कामाला लागा."

घरी आल्यावर दोन दिवस तुझी वहिनी पथ्याचं करून वाढत राहिली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवून म्हणाली, "वर्षभर मी आरशाला दोष देत होते." एवढंच. तिचा हात धरून बसून राहिलो, चहावर साय धरेपर्यंत.

पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईने मला आधी झाडलं, अगदी मनापासून, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन महिने ती गोळी बंद. आधी साखर खाली, रोज सकाळी चालणं, सिगारेट सोडणं, रात्रपाळी सोडणं. मग पुन्हा पंचवीसची एक, सांगितलेल्या वेळी, हलकं खाऊन. या वेळी दोघांना माहीत होतं, त्यामुळे घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं. पंचवीसने अर्धवट जमत होतं. रक्तदाब उभ्याने, बसून, दोन्ही तऱ्हेने मोजून तिने पन्नास करून बघितली. पन्नासने नाक चोंदतं आणि डोकं किंचित जड होतं, पण डोळे ठीक राहतात. शंभरची गरजच पडली नाही. मी विचारलं होतं, थोडी वाढवून बघायची का? डॉक्टरीणबाईच्या आधी तुझी वहिनीच म्हणाली, "काही नको, अति तिथे माती." आता माझं नाक चोंदलं की ती हसत सुटते. कधीकधी एवढी हसते की गोळी वायाच जाते, आणि त्याचंही काही वाटत नाही.

दरवेळी जमतं असं नाही. पण नाही जमलं तर मी आता उठून बाहेर जात नाही. गेल्या वर्षभरात मी जितक्या माणसांचे आभार मानले, तितके आयुष्यात मानले नव्हते. खोकल्याचं सोंग ओळखणारी ती पोर, पट्टा धरणारा टाकीवाला, चापट मारणारी नर्सबाई. आणि तुझी वहिनी. तिचे आभार मानायला गेलो तर म्हणते, "आता शेजारी झोपतोस, तेवढं पुरे."

आता शेवटची पायरी. रविवारी तुम्ही दोघं येऊन गेलात. तुम्ही गेल्यावर हिने न्हाणीघरातलं कपाट उघडलं आणि मला हाक मारली. पट्टीतल्या दोन गोळ्या कमी होत्या. मी तुला लगेच फोन केला, ती घेऊ नकोस म्हणालो, तू "कसली गोळी?" म्हणून फोन ठेवलास. नंतर फोनच उचलला नाहीस, म्हणून मी तुझ्या बायकोकडून दर संध्याकाळी तुझी खुशाली विचारतोय. का विचारतोय, ते तिला सांगितलेलं नाही. धाकल्या, तुझ्या हृदयासाठी तू रोज जी गोळी घेतोस आणि जी जिभेखाली ठेवतोस, त्या दोन्हींशी ही गोळी जमत नाही, अर्धीसुद्धा नाही. तिच्यासाठी हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. आणि घेऊन बसला असशील तर छातीत दुखल्यास जिभेखाली काही ठेवू नकोस, सरळ इस्पितळ गाठ आणि काय घेतलंस ते तोंडाने सांग. मी रागावलेलो नाही. खरं सांगू, तू माझ्या कपाटात हात घातलास म्हणून मला कळलं तरी. मी डॉक्टरीणबाईला तुझं नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, हृदयाच्या माणसांसाठीही दुसरे उपाय असतात, फक्त ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागतात. तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गुरुवारी पाचची वेळ घेतली आहे. मी तुझ्या शाळेच्या फाटकाशी साडेचारला उभा असेन. त्या दोन गोळ्या खिशात घालून आण. वाटेत काही बोलू नकोस, आपल्याला तशी सवय आहेच. आत गेल्यावर पहिलं वाक्य सुचलं नाही, तर ते मी बोलेन.

तुझाच,
दादा