कंपाउंडरची वेस

८ जानेवारी १९९६, नांदेड
चूक! साफ चूक! ऋतुजानं कंपाउंडरला उडी मारणाऱ्यांत घातलंय!

ती लातूरला, मी इथं; पत्रांतून हा आमचा दीड वर्षाचा खेळ. ‘चौवेशी नगर’ हे पुस्तक तिला भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं — मदतीच्या खोक्यात, जुन्या कपड्यांखाली. त्या नगरातली माणसं चार प्रकारची: वेस उघडणारे, अडवणारे, ‘कोण हाय?’ विचारणारे आणि तटावरून उडी मारणारे. रविवारच्या पुरवणीत जी कादंबरी येते, तिच्यातल्या माणसांना आम्ही या वेशी वाटतो. डॉक्टर अडवणारा. नलू विचारणारी. इथवर भांडण नाही. पण नलूसाठी जीव टाकणारा कंपाउंडर? तो उघडणाराच! तर ही लिहिते — “आधी उडी मारतो, मग खाली काय हाय ते बघतो. तुझ्यावानी.”

माझ्यावानी! अन् ३१ तारखेच्या भागात नवा आलेला मास्तर म्हणे उघडणारा!

१० जानेवारी
प्रेसमध्ये दिवसभर लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवली. ग्यानोबा फोरमन ओरडले, “अरे, नवरीच्या जागी नवरदेव बसवून राहिला तू!” सगळे हसले.

तिला लिहिलं — तुझ्या क्लासात कोण हाय उघडणारा?

१८ जानेवारी
उत्तर आलं. “मिहिर. त्याच्या नोट्स नसत्या तर फिजिक्समध्ये मेले असते.”

मिहिर!!

२० जानेवारी
लातूरला गेलो. गेलोच!

क्लास सुटला. शे-दीडशे सायकली, मधे ती, शेजारी एक चष्मेवाला. कॉलर धरली. “उघडणारा हायेस का रे तू?” पोरानं घाबरून दोन्ही हात वर केले. नोट्स गटारीत. ती ओरडली, “सोड त्याला!” सर धावत आले. तिला विचारत होते, “कोण हा? तुझ्यासाठी आलाय?” ती गटारीतले कागद उचलत राहिली.

मागं कॉलेजात असताना एकानं तिला ‘भूकंपवाली’ म्हटलं म्हणून मी त्याच्या कानाखाली काढली होती. त्यात माझं बी.एस्सी. अर्ध्यावर सुटलं. तेव्हा माझ्यासाठी रडली होती ती. काल माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही — काल नाही, आजच. काय लिहून राहिलो मी!

२९ जानेवारी
तिची रूममेट श्रद्धा नांदेडची. प्रेसच्या दारातूनच बोलली. “सरांनी तिच्या काकांना फोन केला. काकांनी नेलं तिला रेणापूरला. क्लास बंद. परीक्षाबी नको म्हणतात. स्थळं बघून राहिलेत.”

मी हात पुसत दाराशी गेलो.

“आई-बाप किल्लारीकडं मातीखाली गेले तिचे. दोन वर्षं वाया गेली. एकोणिसाव्या वर्षी बारावीला बसलीय ती, डॉक्टर व्हायचं म्हणून. आता काढ की बाहेर तिला! लई मोठा उघडणारा!”

३० जानेवारी
जेवलो नाही.

१ फेब्रुवारी
काल एक पत्रिका छापली. एकच. नवरदेव मी. नवरीसाठी नाव सुचेना, म्हणून मायनं आणलेलं अन् मी लाथाडलेलं मुदखेडचं स्थळ घातलं — देविका. ५ मार्च, भोकर. कोपऱ्यांना हळदकुंकू मीच लावलं.

आज रेणापूर. काका — शेषेराव — ओट्यावरच बसले होते. म्हणालो, “भांडण माझं अन् त्या पोराचं, जुनं. तुमची पुतणी निव्वळ शेजारी उभी होती. मी तिला ओळखत न्हाई. माझं तर लगीन ठरलंय.” पत्रिका पुढं केली.

चष्मा लावून दोनदा वाचली त्यांनी. आवाज बदलला. “बसा. च्या घ्या. डोक्यानं गरम दिसता, पण घरी येऊन बोललात.” मग — “सोमवारी सोडतो पोरीला लातूरला.”

उठलो तर म्हणाले, “लग्नाला येतो बरं का. पत्रिका दारी आली म्हणल्यावर यायलाच लागतंय.”

आतलं दार अर्धं उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं. ‘ओळखत न्हाई’ पण.

२ फेब्रुवारी, भोकर
काका येणार. लग्न दिसलं नाही की तिला परत ओढून नेणार.

माय भाकरी थापत होती. विचारलं, “मुदखेडचे थांबलेत का अजून?” तिचा हात परातीतच राहिला. “थांबलेत की रे! कधी म्हणतोस?”

“पाच मार्च.”

“येवढी घाई? आजवर तर नाव काढू देत नव्हतास!” रडली, हसली. भाकरी करपली.

१२ फेब्रुवारी
पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची म्हणून माय हटून बसली. ठेवली. पहिली कुठं गेली ते देवाला माहीत असणार.

देविका एकदाच बोलली, साखरपुड्यात. “तुम्हाला राग लई येतो म्हणतात. यायच्या आधी मला सांगाल ना?” अन् हसली. तिला कुठलीच वेस देववेना. या पोरीनं माझं काय वाईट केलं होतं?

२५ फेब्रुवारी
पुरवणीत कंपाउंडर गाव सोडून गेला. एका ओळीत उरकलं त्याला. नलूनं मागं वळून बघितलं की नाही, तेही लिहिलं नाही. पत्र लिहायला बसलो. फाडलं.

४ मार्च
हळद लागली. संध्याकाळी शेषेरावकाका आले, टॉवेल-टोपी घेऊन. मला मिठी मारली. म्हणाले, “सकाळी पोरीला सेंटरवर सोडलं अन् तसाच निघालो. पहिला पेपर होता, न्हाईतर तिलाबी आणलं असतं.”