घंटा चौथ्या पानावर वाजली

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा त्यातली दोन अंगं उधार ठेव.

प्रथम तक्रार. तू विणलेल्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे. सदर बाही चहात बुडते, शाईत बुडते आणि दाराच्या कडीत अडकते. डॉक्टरीणबाईंनी टाके घालावेत, विणू नये, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं आहे. तू म्हणशील, "पंडिता, हात वाढव." प्रयत्न चालू आहे.

बाकी क्षेम. गर्भपाताच्या कायद्याचं तुला फोनवर सांगितलंच. कायदा हवा, यावर दोन्ही पक्ष राजी होते. भांडण एका कलमाचं. सही एका डॉक्टरची पुरे की दोघांची हवी? दोघांची ठरली. "मतं कमी पडली," म्हणालो आणि कंबरेच्या विषयावर आलो. खरं तेच, पण अर्धं.

मी ज्यांची भाषणं लिहितो त्या सभासदबाई एका सहीच्या बाजूच्या. त्यांचं भाषण मी पाठशाळेत गुरुजींनी शिकवलेल्या रीतीनं लिहिलं: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट मांडायचं, मग त्याचं खंडन. पूर्वपक्ष चार पानं झाला. एकट्या वैद्याचा अहंकार, दुसऱ्या नजरेचं मोल, काय काय लिहिलं गं. तू सांगितलेलं सगळं पाचव्या पानापासून पुढे होतं. बाईंना आधी वाचून बघायला सवड झाली नाही. शास्त्रार्थाला वेळ संपल्याची घंटा नसते, सभागृहात असते. ती चौथ्या पानावर वाजली.

समोरचे पुढारी उठून म्हणाले, "बाईंनी आमचं काम हलकं केलं, आभारी आहोत." कुंपणावरचे होते ते तिकडेच उतरले.

बाहेर आल्यावर बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "पंडित, माझं मत कुठल्या पानावर होतं हो?"

"पाचव्या."

"पहिल्यावर का नव्हतं?"

उत्तर होतं माझ्याकडे. संस्कृतात होतं. गिळलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीही चाळून बघायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

पण ताई, लाज वाटते ती याची नाही. चौथ्या पानाला समोरची बाकं वाजली, तेव्हा मी वर सज्जात बसून सुखावलो होतो. वाक्यं माझी होती ना. ती बाकं आपल्याविरुद्ध वाजताहेत हे घंटा झाल्यावर ध्यानात आलं.

पाचव्या पानावर तुझी ती पेशंट, शिवणकाम करणारी मुलगी, होती. घरी कळू न देता दुपारपुरतीच बाहेर पडू शकते, म्हणाली होतीस. तुझ्या गावात तू एकटी डॉक्टर. दुसरा गाठायचा तर दिवस मोडतो, आणि तो सही करीलच असंही नाही. कायदा एक तारखेपासून लागू झाला.

ती आली होती का? तू तिला काय सांगितलंस? फोन दोनदा उचलून ठेवला. तुझ्या तोंडून ऐकायची भीती वाटते, म्हणून पत्र.

आज "पंडित" अशी सही करवत नाही.

तुझा,
धाकटा