हवापालट

अहिल्यानगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जहिरा,

तुझं पत्र आल्यावर एक दिवाळी झाली, आता दुसरीही झाली. एवढ्या उशिरानं माफी मागायची लाज वाटते, तरी मागते. मधल्या काळात पेपर तपासायचे होते, आईचं दुखणं होतं, कॉलेजची तपासणी होती. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण खरं नाही. तू फक्त एक प्रश्न विचारला होतास. मुली मोठ्या झाल्या, शाळेतून मोकळं होता येईल, अर्धी राहिलेली पीएच.डी. पुन्हा करायची म्हणतेस, तर मी तुझी गाईड होईन का? आणि खाली तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, 'मी तुला मॅडम म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते.' वाचून मी हसले, पत्र घडी घालून ठेवलं, आणि मग हो म्हणायचं की नाही हे मला ठरवता येईना. नाही म्हणायची हिंमत नव्हती. हो म्हणायची भीती वाटत होती. भीती कशाची, ते तुला माहीत आहे.

गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन हिवरे बाजारला माती घ्यायला गेले होते. डोंगराच्या उतारावर गवत कापून झालेलं होतं. चरांच्या काठानं चालताना मी सवयीनं डावीकडे सरकून चालत होते, उजवीकडे तुझ्यासाठी जागा ठेवून. तुझ्या खांद्यावर कायम तो बांबू असायचा ना, म्हणून. आपली वाटणी किती सोपी होती. माती माझी, हवा तुझी. मी खाली वाकून पिशवी भरायची, तू वर बघून वारा कुठला आहे ते ओल्या बोटानं ठरवायचीस. आपले गाईड सर म्हणायचे, माती म्हणजे घरचं माणूस आणि हवा म्हणजे पाहुणा; पाहुण्याची नीट विचारपूस केली की तो कुणाच्या शेतातून आला ते कळतंच. तेव्हा ते मला वर्गात टाळी घेणारं वाक्य वाटायचं. पुढे माझं सगळं काम त्याच वाक्याच्या आजूबाजूला झालं. शेवगावकडची काळी रानं नांगरली की त्यांच्यातले जिवाणू धुळीवर बसून कुठवर जातात, कोणते उन्हात मरतात, कोणते तग धरतात, हेच मी आजवर बघत आले. पण ते बघायला वर मान करायची असते हे तू शिकवलंस. मी मूळची खाली बघणारी.

लालमहंमद चाचांनी बनवून दिलेलं ते चाक अजून लॅबच्या माळ्यावर आहे. सायकलची रिम, तिच्यावर हवेतले जंतू पकडून वाढवायच्या प्लेटा ठेवायला खाचा, मधून बांबू. ते देताना चाचा मला म्हणाले होते, 'हन्ना, मी जन्मभर पळून गेलेली हवा ट्यूबमध्ये भरतोय, आणि माझी पोरगी उघड्या हवेला पकडायला निघालीय. आमच्या धंद्याचं नाव काढणार ही.' तू लाजून, 'अब्बा, बस झालं,' म्हणालीस. ते चाक घेऊन आपण शिंगणापूरला गेलो, बिनदाराच्या घरातली हवा आणि दाराच्या घरातली हवा यांत काय फरक असतो ते बघायला. केवढी हुशार कल्पना वाटली होती आपल्याला! आणि निकाल काय, तर बिनदाराच्या घरातल्या प्लेटा जवळजवळ कोऱ्या. रस्त्याची धूळ थेट आत येते, शनिवारची गर्दी दारावरून जाते, आणि आतली हवा दवाखान्यापेक्षा स्वच्छ! सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, 'आता शोधनिबंधात देवाची कृपा कशी लिहायची?' तू एकटीच पुन्हा गेलीस आणि त्यातल्या एका घरच्या बनुबाईंना विचारलंस, 'मावशी, आम्ही यायच्या आधी घरात काय काय केलं होतं?' त्या अभिमानानं सांगायला लागल्या, 'काय नुसतं केलं व्हय? हवा तपासायला बाया येनार म्हून पाटंपासनं घर झाडून काढलं, सडा टाकला, दोनदा ऊद फिरवला. उगं कुनी म्हनू न्हाई, बनुबाईच्या घरची हवा खराब हाय.' सगळ्या गल्लीनं तेच केलं होतं. तू हात जोडलेस, 'मावशी, पुढच्या वेळी आमच्यासाठी काही करू नका हो.' त्यावर त्या चिडल्याच, 'आसं कसं? पाव्हनं येनार आन् काईच करू न्हाई?' मग न सांगता जायचं ठरलं, तर तू म्हणालीस, 'जाऊ गं, पण दार नाही तर वाजवायचं काय?'

हे आठवून मी परवा बसमध्ये एकटीच हसले. पण जहिरा, हसणं ओसरलं की मला पुढे नेहमी ती कांदाचाळच दिसते. शेवगावच्या अलीकडची, पत्र्याची, भर उन्हाळ्यातली. कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी, तीच तुला हवी होती. कांदे हलवले की हवेत किती बुरशी उडते ते मोजायचं होतं. तुझा खोकला महिनाभर चालू होता आणि तू सांगायचीस की मुळा नदीवरचा गारवा बाधला. माणसांनी कांदे उपसायला सुरुवात केली आणि तू बांबू धरून खाली बसलीस. आधी मला वाटलं प्लेट लावतेस. मग तुझ्या छातीतून तो आवाज आला. भात्याला भोक पडावं तसा. कांद्याच्याच टेम्पोत घालून तुला दवाखान्यात नेलं, मी तुझी पाठ धरून मागे बसले होते, आणि वाटेत एका क्षणी तो आवाजही थांबला. तो परत सुरू होईपर्यंत मी काय काय कबूल केलं, कुणाकुणाकडे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, हिला या बुरशीचं वावडं आहे, हा उद्योग बंद, आणि काही दिवस हवापालट करा. ऑक्सिजनची नळी नाकात असताना तू हसायला लागलीस. 'जिचा विषय हवा, तिला हवापालट!' आणि पुन्हा खोकायला लागलीस. तुझी हवा अशी पालटली की तू थेट भुसावळला. लग्न, शाळा, मुली. मी माती घेऊन इथेच राहिले, आणि हळूहळू तुझी हवाही माझ्याकडेच आली.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, काम बरं झालं. पेपर छापून आले, विद्यार्थी तयार झाले. तरी मनात एक टोचणी असते. आता मातीतला डीएनए काढून पुण्याला पाठवला की कळतं, प्लेटवर उगवलेले ते मूठभरच. बाकीचे असंख्य होते, ते आपल्याला दिसलेच नाहीत. आपण आपलं जेवण मांडलं, ज्यांना रुचलं ते वाढले, बाकीचे उपाशी बसून राहिले, आणि आपण वहीत लिहिलं 'आढळले नाहीत'. मी अनेकदा विचार करते की आयुष्यभर मी मातीतलं जग बघितलं, की फक्त माझं आमंत्रण घेणारे पाहुणे? असं मी वर्गात बोलले तर अजिनाथ म्हणाला, 'मॅडम, आमच्याकडं लग्नात बी असंच असतंय, जेवले तेच मोजत्यात.' हा अजिनाथ पाथर्डीकडचा, आणि त्याच्या जोडीला ज्ञानेश्वरी, नेवाशाची. दोघं माझ्याकडे पीएच.डी. करतात. गुणी आहेत, एकमेकांशी दिवसभर भांडतात.

या दोघांमुळेच आज लिहायला बसले. तुला आठवतं, प्लेट उघडायच्या आधी तू बिस्मिल्ला म्हणायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, श्रद्धा आहेच, पण सोयही आहे. शब्द संपला की तोंड मिटायचं, मिटल्या तोंडानं झाकण उचलायचं, म्हणजे आपल्या तोंडातलं काही आत पडत नाही. मी 'आमेन' म्हणून पाहिलं, तर म्हणालीस, 'आमेन शेवटी म्हणतात गं, अजून प्लेट उघडायचीय.' मग मीही बिस्मिल्लाच म्हणायला लागले. माझं बघून मुलं म्हणायला लागली. आता आमच्या लॅबमध्ये ती पद्धतच आहे, बर्नर पेटवण्यासारखी. सप्टेंबरात तपासणीला आलेल्या एका सरांनी अजिनाथला विचारलं, हे काय म्हणालास? तो अगदी सरळपणे म्हणाला, 'सर, त्याबिगर आमी प्लेट उघडत न्हाई. कंटॅमिनेशन होतं.' सरांनी ते कागदावर टिपून घेतलं. ते गेल्यावर चहाच्या वेळी अजिनाथनं मला विचारलं, हे कुणी सुरू केलं? मी म्हणाले, जहिरा नावाची माझी मैत्रीण होती. फार हुशार होती. हवेवर काम करायची, आम्ही सगळं बरोबर करायचो. ज्ञानेश्वरीनं कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, 'मॅडम, कशानं गेल्या त्या?' मी म्हणाले, 'दम्यानं. ऐन उमेदीत.' दोघं चहा अर्धा टाकून उठली. मला वाटलं, काही काम आठवलं असेल.

त्यानंतर लॅबला नवं कॅबिनेट आलं. बंद काचेचं आहे, आत हात घालून काम करायचं, आतली हवा गाळणीतून जाते, आपल्या नाकापर्यंत येत नाही. परवा सकाळी बघते तर त्याच्या काचेवर पट्टी चिकटवलेली, अजिनाथच्या अक्षरात, 'कै. जहिरा मॅडम यांच्या स्मरणार्थ'. त्यातल्या 'कै.'वर काट मारून ज्ञानेश्वरीनं वर 'मरहूम' लिहिलेलं, आणि खाली फॉइलमध्ये गुंडाळलेलं झेंडूचं एक फूल, कारण लॅबमध्ये उघडं फूल चालत नाही. मी मोठ्यानं हसले आणि मग ती पट्टी पुन्हा वाचली. मुलांचं काय चुकलं? 'होती' मी म्हणाले. 'गेल्या' हे मी माझ्या अर्थानं ऐकलं, त्यांनी कुणीही घेईल त्याच अर्थानं विचारलं होतं. पण जहिरा, त्यांनी ते फक्त काचेवर लिहिलं. मी वर्षभर मनात तेच करत होते. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडून रोज तुला त्या चाळीत उभं करत होते, रोज तुझा श्वास थांबवत होते, आणि त्याला काळजी म्हणत होते. तू तिकडे तो दमा घेऊन खडूच्या धुळीत वर्ग शिकवलेस, दोन मुली वाढवल्यास, आणि आता विचार करूनच विचारते आहेस. तुझ्या फुप्फुसांच्या वतीनं बोलायला मला कुणी नेमलं? म्हणून उत्तर असं, की हो. जरूर हो. आधी छातीच्या डॉक्टरांना विचार, आणि ते काय म्हणाले ते मला खरं खरं कळव, नदीचा गारवा वगैरे सांगू नकोस. बुरशीची एकही प्लेट कॅबिनेटबाहेर उघडायची नाही. कांदाचाळीत मी जाईन, तू लांब रस्त्यावर उभी राहून मला काय चुकतंय ते ओरडून सांग. आणि तरीही भीती वाटेलच मला, ती माझी मी बघेन. चाचांना सलाम सांग, मुलींना प्रेम. लवकर ये.

तुझीच,
हन्ना

उद्याचं काम : मुलांना सांगणे, 'गेल्या' म्हणजे भुसावळला.